नदीकाठच्या गावातला तेवीस वर्षांचा

अमरावती
बुधवार, १९ नोव्हेंबर

चि. धर्मेंद्र,

पन्नाशीच्या माणसाला चिरंजीव लिहिताना मला संकोच वाटत नाही. तू माझ्याहून चार वर्षांनी लहान आहेस आणि कितीही भांडलास तरी ते अंतर मिटायचं नाही. फोन तू उचलत नाहीस. पत्राचं बरं असतं, ते निदान फाडावं लागतं, आणि वाचल्याशिवाय तू फाडणार नाहीस. लहानपणी भज्यांचा तेलकट कागदही तू वाचूनच फेकायचास.

आधी कामाचं. सागर माझ्याकडे आहे आणि सुखरूप आहे. रविवारी पुण्याच्या त्या प्रदर्शनात स्फोट झाला तेव्हा तो आमच्या स्वयंपाकघरात तुझ्या वहिनीला लसूण सोलून देत होता. तुझा मुलगा अमरावतीला आहे हे तुला ठाऊकच आहे. तरी लिहितो, कारण गावात ते तुझ्या घराबाहेर कोणालाच ठाऊक नाही.

तीन वर्षांपूर्वी तो शेतकीची पदविका अर्धवट सोडून माझ्याकडे संस्कृत शिकायला आला. तू माझ्याशी बोलणं टाकलंस आणि गावात सांगितलंस की पोरगा पुण्याला कंपनीत लागला. संस्कृतापेक्षा पुण्याची कंपनी सांगायला सोपी, हे मला मान्य आहे. मी स्वतः ओळख करून देताना आधी पेपरातली नोकरी सांगतो, संस्कृत कोणी विचारलंच तर. देवानंद नावाचा माणूस काव्यशास्त्रावर बोलायला उभा राहिला की पहिली दहा मिनिटं लोक नुसते हसतात. आपल्या बापाने टॉकीजच्या पोस्टरवरून पोरांची नावं ठेवली, त्याची किंमत तू वावरात कमी मोजलीस, मी जास्त.

काल तू ‘दैनिक पयोष्णी’च्या कचेरीत फोन केलास. मला मागितलं नाहीस. फोन हर्षाने घेतला. ती आमची नवी वार्ताहर, ऐकलेलं जसंच्या तसं उतरवून घेते, म्हणून तुझं वाक्य माझ्यासमोर आहे: “तुमच्या त्या देवानंदले सांगजो, छापाचं असन तं नाव छाप. नाव नसन छापाचं तं बाकीचं काहून छापलं?”

कागद माझ्या टेबलावर ठेवून हर्षा म्हणाली, “सर, काका रागात होते. पण प्रश्न बरोबर आहे.”

प्रश्न बरोबर आहे. उत्तर असं. नऊ माणसं गेली, आणि दहावा स्फोट करणारा. जाण्याआधी तासाभरात त्याने सात-आठ पेपरांना चित्रफीत पाठवली. आमचा खप पाहता आम्हालाही पाठवली हे विशेषच. तीत नवा निळा शर्ट घालून, खिडकीशी चांगल्या उजेडात बसून त्याने आपलं पूर्ण नाव दोनदा सांगितलं आहे आणि ते पहिल्या पानावर छापा असं बजावलं आहे. का मारणार, कोणासाठी मारणार, हेही आहे. पण ते भरभर उरकलं आहे. नावाशी आला की सावकाश होतो.

अशांची नावं छापायची नाहीत हा नियम मीच दोन वर्षांपूर्वी मालक-संपादक भगवंतरावांच्या गळी उतरवला. नऊ माणसं मारली की पहिल्या पानावर जागा मिळते असं एकदा कळलं, की त्या जागेला गिऱ्हाईक वाढतं. मेलेल्यांची नावं आम्ही मोठ्या टायपात दिली, फोटोंसकट. त्याचं दिलं नाही. पोलिसांनीही ओळख पक्की होईपर्यंत सगळ्या पेपरांना गप्प राहायला सांगितलं, इतरत्र टाकलेली चित्रफीत काढायला लावली. तेव्हा सध्या तरी महाराष्ट्रात माझा नियम सगळेच पाळत आहेत. असा मान मला पूर्वी कधी मिळाला नव्हता.

फक्त भगवंतराव म्हणाले, “देवानंद, नाव नको ठीक आहे, पण वाचकाच्या हातावर काहीतरी ठेव.” मग मी लिहिलं: ‘बाळापूर तालुक्यातील नदीकाठच्या एका गावात फुला-भाजीची शेती करणाऱ्या घरातील, पुण्यात खासगी कंपनीत नोकरीस असलेला तेवीस वर्षीय तरुण.’ माणसाचं नाव न घेता त्याचं वर्णन करण्यात आमच्या कवींनी शतकं घालवली आहेत आणि मी त्याच शाळेचा. वाक्य मला बरं वाटलं होतं. तू सागरला पुण्याला पोचवून ठेवलं आहेस हे लिहिताना आठवलं नाही.

कचेरीत दिवसभर फोन येत आहेत. सगळ्यांना नाव हवं आहे, आणि खरं पाहता नाव नकोच आहे. नावातून जे निथळतं ते हवं आहे. एका सद्गृहस्थांनी फार सभ्यपणे विचारलं, “नाव राहू द्या. आमच्यातला नाही ना, एवढंच सांगा.” ते कुठल्यातले हे त्यांनी सांगितलं नाही, त्यामुळे मला मदत करता आली नाही.

गावात काय चाललं आहे ते कळव. शिव्या चालतील.

देवानंद


अमरावती
सोमवार, २४ नोव्हेंबर

धर्मेंद्र,

तुझं पत्र मिळालं. तीन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. अजून ओळी चढणीला लागतात.

तू लिहितोस की अकोल्याच्या हर्रासात तुझ्या वांग्याच्या ढिगाला कोणी बोली लावली नाही. अडत्याने दोनदा पुकारलं, व्यापारी पुढच्या ढिगाकडे गेले. शाळेच्या स्नेहसंमेलनातला सागरचा फोटो गावच्या ग्रुपवर फिरतो आहे, आणि तो त्यात नेमका राक्षसाच्या वेषात आहे. पोलिसांची गाडी आपल्या दारात अर्धा तास उभी होती ती सगळ्यांनी पाहिली. गावातली कोण कोण पोरं पुण्याला आहेत एवढंच पोलीस विचारत होते हे तू सांगितलंस, तर शेजारी म्हणाला, “हाव, असंच सांगतेत.” सागर अमरावतीला संस्कृत शिकतो हेही आता खरं-खरं सांगून पाहिलंस. तर चावडीवरचे हसले. “तीन साल पुण्यात होता, आन आता बाम फुटल्यावर अमरावतीले आला का?”

यात हसण्यासारखं काही नाही हे मला कळतं. तरी मी हसलो, आणि सागर माझ्याकडे पाहत राहिला.

तुझ्या दोन मागण्या आहेत. नाव छाप, नाहीतर सागरला घरी पाठव. दोन्हीला माझं उत्तर सध्या नाही असं आहे. कारण या पत्रात लिहायला नको, पण तू माझा भाऊ आहेस आणि पोलीस अधीक्षक नाहीस.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट लपवली. चित्रफीत सुरू झाली आणि त्याने नाव सांगण्याआधीच मी त्याला ओळखलं. माझ्या वाक्यात बसणारे गावात दोघेच आहेत. एक सागर, तुझ्या कृपेने. दुसरा खरोखर पुण्याला होता, खरोखर कंपनीत होता, आणि त्याच्या घरचा झेंडू तुझ्या बांधाला लागून आहे. आता तुला कळलं असेल. तानुबाईचा.

ती तेल्हाऱ्याला भावाच्या घरी लग्नाला गेली असं गावात समजतात. लग्न नाही. साध्या कपड्यातल्या पोलिसांनी तिला रातोरात अकोल्याला नेलं, तपासणीसाठी रक्त घेतलं आणि मग भावाकडे पोचवलं. प्रेताला चेहरा उरलेला नाही. रक्त जुळलं की ताब्यात देतील. चित्रफीत तिला दाखवलेली नाही. हर्षा तिला भेटून आली. ती हर्षाला म्हणाली, “कोनी दुसरा असन बाई. माया पोट्टा फटाक्यालेबी भ्यायचा.”

म्हणजे हिशेब असा पडतो. सागर गावात दिसला की तो सुटला. आणि तो सुटला की उरतो एकच. नाव मी छापलं काय किंवा सागरला बसमध्ये बसवलं काय, बातमी तीच. फक्त तानुबाईला ती पोलिसांऐवजी गावाकडून कळेल, आणि गाव ती कशी सांगेल हे तुला मी सांगायला नको.

इकडेही आता बोलतात. छापखान्यात कोणीतरी म्हणालं, पुतण्याच असेल, म्हणून देवानंदने नाव दाबलं. भगवंतरावांनी मला बोलावून विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांनी विश्वास ठेवला, पण दार लोटून घेतल्यावर.

सागरने चार दिवसांत पुस्तक उघडलेलं नाही. तो आणि तानुबाईचा मुलगा एका सायकलवर शाळेत जायचे. पुढे कोण बसायचं यावर रोज भांडण. मी विचारलं, तो असा कधी झाला? सागर म्हणाला, “मलेबी पेपरातूनच कळलं काका.” त्याच्या तोंडून मराठी निसटून वऱ्हाडी आली की समजावं, पोरगा घरी जाण्याच्या लायकीचा झाला.

देवानंद


अमरावती
शुक्रवार, २८ नोव्हेंबर

धर्मेंद्र,

परवा तू आलास. काय बोललास ते तुलाच लिहून पाठवतो, म्हणजे पुढे नाकबूल करायला नको.

तू न सांगता आलास. हातात अर्धं पोतं वांगी आणि कोथिंबिरीच्या जुड्या. तुझी वहिनी म्हणाली, “इतकं कशाला आणलं भाऊजी?” तू म्हणालास, “इकलं नाई. म्हनून आनलं.” पाय धुतलेस. मी पुढे केलेल्या खुर्चीवर बसला नाहीस, बाजेवर बसलास.

मग सागरला म्हणालास, “चाल.”

“कुठं?”

“घरी. उद्या हर्रासात माया बाजूले उभा रायजो. बोलू नोको. नुसता उभा राय.”

“मी उभा राह्यलो तं तानुबाईच्या घराचं काय होईन?”

“जे होईन थे तिच्या पोट्ट्याच्या करनीनं होईन. तू उभा राह्यल्यानं नाई.”

या वाक्याचं उत्तर मी दोन दिवस शोधतो आहे, अजून सापडलेलं नाही. न्यायशास्त्राची दोन पुस्तकंही काढली. त्यात धूर आहे, डोंगर आहे, अग्नी आहे. हे नाही.

तू माझ्याकडे वळलास. “आन तू. तुया नियमानं काय साधलं? त्याचं नाव नाई आलं. माया पोट्ट्याचं आलं.”

“छापून नाही आलं.”

“गावात छापाले लागते का?”

एका बैठकीत दोनदा निरुत्तर होण्याची मला सवय नाही, याची नोंद घ्यावी.

मी म्हटलं, “त्याचा फोटो पहिल्या पानावर गेला तर पुढचा निळा शर्ट कोणीतरी आत्ताच घ्यायला निघेल.”

“असन. पन थो पुढचा कोन, तुले माईत नाई. माया पोट्टा कोन, थे तुले माईत हाये.”

आत कुकरची शिटी झाली. मग सागर म्हणाला, बराच हळू, “बाबा, तिनं अजून त्याले पाह्यलं नाई. तिले वाटते चूक असन. पोलीस तिले सांगतीन, तवरोक थांबू. मंग मी येतो. उभा राहीन. तुमी म्हनान तितके दिस.”

तू त्याच्याकडे पाहिलं नाहीस. मला विचारलंस, “किती दिस?”

“रक्ताचा निकाल यायला आठवडा म्हणतात.”

“म्हंजे आठ दिस माया पोट्टा बाम फोडनारा.”

“हो.”

“आन आपली माय देवळात गेली तं बाया सरकून बसतीन.”

“हो.”

“आन तू इथं पंख्याखाली नियम पाळशीन.”

“थंडीत पंखा लागत नाही,” मी म्हटलं. हे बोलायला नको होतं. पण तुझ्या तोंडावर काहीतरी हललं, म्हणून परत घेत नाही.

तू जेवलास. आपलीच वांगी, आणि मीठ कमी आहे म्हणालास. तू उठताना वहिनी पोतं परत द्यायला लागली तर म्हणालास, “ठेवून घ्या. परत नेलं तं लोक म्हनतीन याचं तिकडंबी इकत नाई.” सागर स्टँडपर्यंत तुझ्याबरोबर आला. मूर्तिजापूरच्या बसमध्ये तू बसलास आणि खिडकीतून त्याला म्हणालास, “तुया त्या संस्कृतचा पेपर कदी हाये?” त्याने जानेवारीत सांगितलं. बस निघाली.

हे त्याने मला येऊन सांगितलं, दोनदा.

तू गावात एकट्याने आणि गप्प राहून काय काढतो आहेस याची मला कल्पना आहे असं मी म्हणणार नाही. कल्पना करणं हा माझा धंदा असला तरी.

देवानंद


अमरावती
शनिवार, ६ डिसेंबर

धर्मेंद्र,

निकाल परवा आला. पोलीस आधी तेल्हाऱ्याला गेले, तानुबाईला सांगितलं, मग संध्याकाळी अकोल्यात पत्रकारांना बोलावून नाव जाहीर केलं. हा क्रम त्यांनी हर्षाच्या सांगण्यावरून पाळला असं हर्षाचं म्हणणं आहे. पोलिसांचं काही म्हणणं नाही.

मग तू पाहिलंसच. रात्रभर सगळ्या वाहिन्यांवर निळा शर्ट. त्याने उजेड खरंच चांगला निवडला होता. नाव एका दमात, ठासून, जाहिरातीनंतर पुन्हा. त्याला हवं होतं ते सगळं मिळालं, जरा उशिराने. दुसऱ्या दिवशी सगळे पेपर त्याचे. आमचा सोडून. आम्ही पहिल्या पानावर पुण्यातल्या त्या शाळामास्तरांची बातमी दिली, ते प्रदर्शनात नातीला घेऊन गेले होते. नात वाचली. त्या दिवशी आमचा खप पडला. भगवंतराव नुसते दोनदा चहा घ्या म्हणाले. ते वाईट लक्षण आहे.

कालच्या बैठकीत नियम बदलला. आता नाव नाही, आणि वर्णनही नाही. तालुका नाही, धंदा नाही, वय नाही. ‘हल्लेखोर’, संपलं. मसुदा हर्षाने केला. पण तिला तो पटलेला नाही. म्हणाली, “सर, आपण रिकामी जागा सोडतो. लोक तिच्यात आपापल्या नावडीचा माणूस बसवतात. या वेळी सागर बसला. पुढच्या वेळी अख्खा मोहल्ला बसेल. तेव्हाही तुम्ही गप्प बसणार का?”

मी म्हटलं, तेव्हाचं तेव्हा पाहू. ती म्हणाली, “म्हणजे पोलीस सांगतील तेव्हा.” पोरगी टिकली तर मोठी होईल, किंवा आम्ही तिला टिकू देणार नाही.

माझं मत विचारशील तर, नाव न छापणं मला अजून बरोबर वाटतं. वाक्य छापलं ते चूक. लोक या दोन गोष्टी एकच समजतात, आणि मीही पंधरा दिवस तसंच समजत होतो.

सागर उद्या सकाळी निघतो. तू आता हर्रासात त्याला उभं करायची गरज नाही, टीव्हीने ते काम केलं. तरी तो उभा राहीन म्हणतो. काल तुझ्या वहिनीने त्याला विचारलं, गावात कोणाशी भांडणार नाहीस ना? तो म्हणाला, “भांडायला आता कोणी पुढे येणार नाही काकू. सगळे म्हणतील, आम्हाला तर आधीच वाटत होतं की सागर नाही.”

तुझ्या ढिगाला बोली लागली का ते कळव. भाव सांगू नकोस, नुसतं लागली एवढं लिही.

देवानंद


अमरावती
मंगळवार, १६ डिसेंबर

धर्मेंद्र,

सागरचा काल फोन आला होता. त्याने जे सांगितलं ते तू मला कधी सांगणार नाहीस, म्हणून मी तुला सांगतो. ऐकून घे.

तानुबाई रविवारी परतली. माती भावानेच उरकली होती, गावात आणू दिलं नाही. वर्दळ नव्हती. बाया लांबून पाहून गेल्या. सोमवारी बांधावर दोघी भेटल्या तर त्या झेंडूवर बोलल्या, थंडीवर बोलल्या. ज्यांनी पंधरा दिवस सागरचं नाव चघळलं, त्यांच्यापैकी एकानेही तिच्यासमोर तिच्या मुलाचा विषय काढला नाही. जणू तिला मूल नव्हतंच. आमच्या पेपराने दोन वर्षांपूर्वी भांडून जो नियम केला तो गावाने एका दिवसात, न ठरवता केला आणि अगदी कडक पाळला. मला अभिमान वाटायला हवा होता.

संध्याकाळी तू तिच्याकडे गेलास. सागरला म्हणालास, तू बाहेर थांब. तो बाहेर थांबला, पण कुडाच्या भिंतीला कान असतात हे तुला माहीत असायला हवं.

तू वसरीवर बसलास. मग तू त्याचं नाव घेतलंस. टीव्हीवर दोनदा सांगितलं होतं ते लांबलचक नाही, घरातलं. म्हणालास, तो पाच वर्षांचा असताना माझ्या मोटारपंपाच्या पाटात पडला होता, मी काढला होता, पाणी पिऊन टम्म झाला होता, आणि पहिलं काय बोलला तर चप्पल वाहून गेली. ते नाव मी इथेही लिहीत नाही. सवय म्हण.

तानुबाई म्हणाली, “किती दिवसानं आयकलं बाप्पा. निरे टीव्हीवालेच घेत होते.”

तू म्हणालास, “त्यानं लय वाईट केलं, तानुबाई.”

“केलं,” ती म्हणाली. “नऊ घरं.” आणि मग, “चप्पल निळी होती. तुमाले आठोते का?”

तू म्हणालास, आठोते.

मग ती चहा ठेवायला उठली.

देवानंद